रोजच्यासारखंच

हाल्वर ब्रेकहूस दुकानात शिरला की रांगेतली माणसं बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ देत. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजलेले होते. कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती आणि डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नसत. गावात कुणी नवखा आला आणि त्या हातांकडे बघत राहिला, की कुणीतरी त्याला कोपऱ्यात घेऊन सांगे, "जळत्या विमानातून तीन माणसं ओढून काढलीत त्यानं. एकोणतीस साली." हे कानावर पडलं की हाल्वर मान खाली घाली. लोकांना वाटे, काय साधा माणूस आहे, कौतुकसुद्धा सोसत नाही त्याला.

त्या टॅमरॅक फॉल्स गावात विमान येऊ लागून तेव्हा दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. गावाबाहेर बीटच्या शेतांना लागून एक गवताळ मैदान होतं, पत्र्याची एक शेड होती आणि कंपनीचं एकुलतं एक विमान होतं. त्याला इंजिन एक आणि आत वेताच्या सहा खुर्च्या. आठवड्यातून तीन दिवस ते टपाल आणि माणसं घेऊन मिनीऑपोलिसला जाई आणि संध्याकाळी परत येई. ते चालवायचा लायल मर्डॉक आणि सांभाळायचा हाल्वर. हाल्वर मूळचा मळणीयंत्रं दुरुस्त करणारा. पण इंजिनाला कान लावून त्याचं दुखणं सांगणारा त्या मुलखात दुसरा कुणी नव्हता. लायल सडाफटिंग, उंच, तोंडाचा फटकळ. शुक्रवारी रात्री तो हमखास हाल्वरच्या घरी जेवायला असे, कारण शुक्रवारी हाल्वरची बायको सिग्ने मटण आणि कोबी एकत्र शिजवी, आणि तसं जेवण आपल्याला आईनंही कधी घातलं नाही असं लायल दर शुक्रवारी म्हणे.

विमानात पेट्रोल भरणं हे तेव्हा वेळखाऊ काम होतं. पिंपातून डब्यात घ्यायचं, शिडीवर चढायचं आणि नरसाळ्यावर मऊ कातडं ताणून त्यातून टाकीत सोडायचं. कातड्यातून पेट्रोल खाली झिरपतं, पाणी वर राहतं. थंडीच्या दिवसांत पिंपात आतल्या आत पाणी सुटतं आणि तळाशी जाऊन बसतं. पेट्रोलमधून ते इंजिनात गेलं तर इंजिन ठसकतं आणि बंद पडतं. हे हाल्वरला जितकं माहीत होतं तितकं कंपनीत कुणालाच नव्हतं. शेडच्या दारावर 'गाळल्याशिवाय भरू नये' ही पाटी त्यानंच रंगवून लावली होती.

ऑक्टोबरमधल्या त्या शुक्रवारी पहाटे दंव पडलं होतं. गवत पांढरं झालं होतं. दंवानं ओलं झालेलं कातडं थंडीनं ताठ झालं होतं आणि त्यातून पेट्रोल थेंब थेंब उतरत होतं. खालून लायल ओरडला, "अरे हाल्वर, पेट्रोल भरतोयस की गाईचं दूध गाळतोयस?"

"तुला जायची घाई, मला तुला परत आणायची," हाल्वर वरून म्हणाला.

"परत मी येतोच! आज शुक्रवार आहे लेका. कोबी सोडून जातोय कुठं?"

प्रवासी चार होते. बियाण्यांचे व्यापारी पॉमरॉय, शेतीची अवजारं विकत फिरणारे दोन विक्रेते आणि शाळेतल्या आयडा लिंडक्विस्टबाई. बाईंच्या बहिणीला मिनीऑपोलिसमध्ये पहिलं मूल झालं होतं आणि त्यांनी दोन दिवसांची रजा काढली होती. हाल्वरची मुलगी कॅरन त्यांच्याच वर्गात होती. बाई शिडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात टोपीचा डबा, नाक थंडीनं लाल झालेलं.

"मिस्टर ब्रेकहूस, खरं सांगा हं. हे वर गेल्यावर वरच राहतं ना?"

"बाई, इथल्या प्रत्येक खिळ्याला मी स्वतः हात लावलाय."

"मग झालं तर. कॅरन वर्गात सांगत असते, आमच्या पपांनी मारलेली गाठसुद्धा कुणाला सुटत नाही."

तेवढ्यात कंपनीचे व्यवस्थापक केल्सी हातात घड्याळ घेऊन शेडमधून बाहेर आले. टपाल दोनदा उशिरा पोचलं होतं आणि तिसऱ्यांदा पोचलं तर कंत्राट जाणार होतं. "हाल्वर, आज संपणार आहे का तुझं?" एवढंच ते म्हणाले. पण ते चारचौघांसमोर म्हणाले, आणि प्रवासी वर बघू लागले.

दोन डबे राहिले होते. पिंप संपत आलं होतं. हे शेवटचे दोन डबे अगदी तळाचे. हाल्वरनं नरसाळ्यावरचं कातडं काढलं, पिळलं, परत ताणलं. थेंब काही वाढेनात. मग त्यानं ते कातडं काढून कोटाच्या खिशात कोंबलं आणि दोन्ही डबे सरळ ओतून दिले. मिनिटभराचं काम. शिडी उतरताना त्याच्या मनात एकदा आलं, की थांबावं, केल्सींना सांगावं. पण लायलनं तोवर इंजिन सुरू केलं होतं आणि इंजिन गाऊ लागलं होतं. जमिनीवर ते पाच मिनिटं चाललं, एकदासुद्धा अडखळलं नाही. हाल्वरला वाटलं, चला, निभावलं. त्यानं चाकांखालची लाकडं ओढून काढली आणि हात हलवला. खिडकीतून बाईंनी हात हलवला.

विमान उठलं. दीडशे फुटांवर गेलं असेल, आणि इंजिन ठसकलं. एकदा, दोनदा, मग गप्प झालं. इतकं गप्प, की पंखांवरून जाणारा वारा खाली ऐकू आला. समोर बीटची सपाट शेतं होती. हाल्वर मोठ्यानं म्हणाला, "सरळ, सरळ जा." पण विमान डावीकडे वळलं. लायल मैदानाकडे परत यायला बघत होता. अर्ध्या वळणात डावा पंख खाली गेला आणि विमान नाकावर कुंपणापलीकडे आदळलं.

हाल्वर धावला. तो पोचला तेव्हा पुढचा भाग पेटला होता. त्यानं दार तोडलं, मागचे दोघे विक्रेते बाहेर ओढले, मग पुढं जाऊन लायलला काखेत धरून खेचलं. चौथ्यांदा तो आत शिरला तेव्हा बाईंची खुर्ची कुठं आहे हेच धुरात दिसेना. त्यानं हातानं चाचपडलं, तापलेली नळी हाताला लागली, तरी चाचपडत राहिला. शेवटी केल्सींनी आणि शेजारच्या शेतकऱ्यानं त्याला पाय धरून मागं ओढलं. बाई आणि पॉमरॉय आतच राहिले.

चौकशी तिसऱ्या दिवशी गावच्या सभागृहात झाली. हाल्वर बँडेज केलेले हात मांडीवर ठेवून पहिल्या बाकावर बसला होता. आत जाण्याआधी केल्सींनी त्याला खिडकीपाशी नेलं होतं. "पेट्रोल गाळून भरलं होतंस ना," असं ते म्हणाले. ते विचारणं नव्हतं, सांगणं होतं. विमान जळून गेलं होतं, टाकी फुटली होती, पिंप धुऊन उलटं घातलं होतं. बघायला काहीच उरलं नव्हतं.

चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, "मिस्टर ब्रेकहूस, त्या दिवशी पेट्रोल कसं भरलंत?"

"रोजच्यासारखंच," हाल्वर म्हणाला.

पुढचा प्रश्न येईल म्हणून तो वाट बघत राहिला. पुढचा प्रश्न आला असता तर आपण खरं सांगितलं असतं, असं तो पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आला. पण अधिकाऱ्यानं त्याच्या हातांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "आपल्याला आणखी त्रास देत नाही. या गावावर आपले उपकार आहेत."

लायल इस्पितळात होता. जबडा मोडल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. त्याच्यापुढं पाटी धरली, तेव्हा तिच्यावर त्यानं तीनच शब्द लिहिले: 'मी मागे वळलो.' निकाल तेवढ्यावरच लागला. इंजिन काही अज्ञात कारणानं बंद पडलं. पण वैमानिकानं सरळ न उतरता वळण घेतलं म्हणून अपघात झाला. लायलचा परवाना गेला. इस्पितळातून सुटल्यावर तो गाव सोडून गेला आणि शुक्रवारी सिग्ने मटण आणि कोबी शिजवेनाशी झाली.

हाल्वर विमानांच्याच कामात राहिला. कंपनी बुडाली, दुसरी आली, शेडची तीन हँगर झाली. त्याच्या हाताखालच्या माणसांना तो पेट्रोल दोनदा गाळायला लावी. ते त्याच्या पाठीमागं हसत, "म्हाताऱ्याचं चाललं तर चहासुद्धा कातड्यातून गाळेल." कॅरन मोठी होऊन शाळेत शिकवू लागली. लिंडक्विस्टबाईंमुळेच आपण शिक्षिका झालो, असं ती सगळ्यांना सांगे.

एक्केचाळीसच्या फेब्रुवारीत शाळेत बास्केटबॉलचा सामना होता. साठ मैलांवरच्या ऑर्डवे गावची मुलं बसमधून आली होती. हाल्वर दाराशी बुटांवरचा बर्फ झटकत होता. इतक्यात कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"काय रे, ओळखलं नाहीस? जबडा वाकडा झाला म्हणून माणूस बदलतो होय?"

लायल होता. केस पांढरे, अंगावर बस ड्रायव्हरचा जाड कोट. बोलताना त्याचं तोंड एका बाजूला ओढलं जाई. त्यानं हाल्वरचे हात आपल्या हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले, आणि त्याचे डोळे भरून आले.

"मी तुझे आभारसुद्धा मानले नाहीत रे. लाज वाटायची. मी दोन माणसं मारली आणि तू मला त्यातून काढलंस. आज भेटलास, बरं झालं. बोललो एकदाचं."

आत घंटा झाली, मुलं धावली, लायल त्यांच्यामागं गेला.

दोन महिने हाल्वरचं जेवणाखाण्यावरून मन उडालं. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर एका शनिवारी, इंजिनाचे काही भाग आणायचे आहेत असं सिग्नेला सांगून, तो गाडी घेऊन ऑर्डवेला गेला. लायल शाळेच्या आवारात बस धूत होता.

"अरे वा, ये ये! आज इकडं कसा?"

हाल्वरनं टोपीसुद्धा काढली नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं. केल्सींचं घड्याळ, ताठलेलं कातडं, शेवटचे डबे, चौकशीतलं उत्तर. सांगायला जेमतेम दोन मिनिटं लागली.

लायल फडकं घेऊन बसचा दिवा पुसत होता. तो पुसतच राहिला. "किती डबे?"

"दोन."

"तळाचे?"

"तळाचे."

मग लायल म्हणाला, "इंजिनं बंद पडतात, हाल्वर. माझं त्याआधी सात वेळा पडलं होतं. समोर बीटचं शेत होतं. सरळ गेलो असतो तर चाकं मोडली असती, कुणाचं नाक फुटलं असतं, संपलं असतं. मागे वळायचं नाही हे मी दुसऱ्यांना शिकवायचो. ते माझंच आहे. ते तुला मिळणार नाही."

"पण इंजिन बंद पडलंच नसतं तर—"

"गप्प बस!" लायलनं फडकं बादलीत फेकलं. "साडेअकरा वर्षं मी त्या इंजिनाचा विचार करतोय. काय केलं मी? पेट्रोलची कळ चुकीची फिरवली का? हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडवलं का? माझ्याच हातून काहीतरी झालं असणार, कारण हाल्वरनं भरलेलं, हाल्वरनं तपासलेलं इंजिन, ते कसं बंद पडेल? असं म्हणायचो मी. आणि तुला माहीत होतं. अरे, एक पोस्टकार्ड टाकायचंस. नाव न घालता टाकायचंस. 'पेट्रोलमध्ये पाणी होतं', बस. मला कळलं असतं."

हाल्वर रडला नाही. रडायला तोंड नव्हतं त्याला. लायलनं बादली उपडी केली, नळ बंद केला आणि कोट चढवला.

"चल, बस गाडीत. मला नुसतं सांगून भागायचं नाही. लिंडक्विस्टबाईंच्या आईला सांग."

लिंडक्विस्ट म्हातारी बारा मैलांवर, तळ्याकाठच्या घरात एकटी राहत होती. लायल तिच्याकडे वर्षातून दोनदा जात होता, ऑक्टोबरमध्ये घराला हिवाळ्याच्या जादा खिडक्या बसवायला आणि एप्रिलमध्ये त्या उतरवायला. पहिली तीन वर्षं त्यानं नुसती पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. चौथ्या वर्षी तो स्वतः गेला, तर तिनं दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी दारातूनच म्हणाली, "आलाच आहेस तर त्या खिडक्या बसव. वरच्या दोन माझ्यानं होत नाहीत." आणखी काही वर्षं गेली, तेव्हा कुठं तिनं त्याला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. हे सगळं लायलनं गाडीत सांगितलं, पुढं बघत, कोरड्या आवाजात.

म्हातारी व्हरांड्यातच होती. पंच्याहत्तरीची, ताठ, शाल घट्ट लपेटलेली. लायल म्हणाला, "मिसेस लिंडक्विस्ट, हा हाल्वर ब्रेकहूस. याला तुमच्याशी बोलायचंय."

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. "तूच का तो? वर्तमानपत्रातला तुझा फोटो मी कापून बायबलमध्ये ठेवलाय. माझ्या आयडाला काढायला गेलास आणि हात जाळून घेतलेस."

"बाई, त्या दिवशी सकाळी—" हाल्वरनं टोपी काढली. "त्या दिवशी मी—"

म्हातारीनं हात वर केला. तिची नजर आधी हाल्वरच्या तोंडावर गेली, मग लायलच्या, आणि परत हाल्वरच्या. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझत गेलेलं त्यानं पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "तू काय सांगायला आलास ते तुझ्या तोंडावर लिहिलंय. ते बोलू नकोस. याला माफ करायला मला नऊ वर्षं लागली. रोज सकाळी उठून नव्यानं करावं लागायचं. आता दुसऱ्यासाठी माझ्यापाशी तेवढं आयुष्य नाही."

ती आत गेली. जाळीचं दार हळूच लागलं.

लायलनं शेडमधून शिडी आणली. "धर," एवढंच म्हणाला. तो वर चढून एकेक जड चौकट उतरवी आणि हाल्वर ती खाली घेऊन भिंतीला टेकवून ठेवी, मग परत शिडी धरी. काम संपत आलं तेव्हा म्हातारी बाहेर आली. तिच्या हातात कॉफीचा एकच कप होता. तो तिनं लायलला दिला.

त्या संध्याकाळी हाल्वरनं सिग्नेला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "कॅरनला सांगू नका." मग त्यानं वॉशिंग्टनला विमान खात्याकडे सविस्तर पत्र लिहिलं. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: सदर प्रकरण बंद झालेलं आहे, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. चर्चच्या पाद्र्यापाशी तो बोलायला गेला. पाद्र्यानं त्याचा भाजलेला हात थोपटला आणि म्हणाला, "तू स्वतःला फार दोष देतोस, हाल्वर. जो वाचवतो त्यालाच असं वाटतं." त्याचं सांगणं कुठंच जाऊन पोचेना. वेळ होती तेव्हा ते एका वाक्याचं काम होतं, आणि ऐकायला सगळं गाव बसलं होतं.

ऑक्टोबर आला तसा तो ऑर्डवेला गेला. लायलनं त्याला बोलावलं नव्हतं आणि परतही पाठवलं नाही. दोघं मिळून खिडक्या बसवायला गेले. एप्रिलमध्ये उतरवायला गेले. असं साडेतीन वर्षं चाललं. म्हातारी लायलशी बोले, त्याच्या संधिवातावर मलम देई. हाल्वरशी ती एक शब्द बोलली नाही. फक्त एकदा, पाऊस आला तेव्हा, तिनं खिडकीवर टकटक करून दोघांनाही आत यायची खूण केली. हाल्वर दाराच्या आतल्या पायपुसण्यावर उभा राहिला, पाऊस थांबेपर्यंत.

चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात ती गेली. दफनाला फार माणसं नव्हती. मिनीऑपोलिसहून धाकटी मुलगी आली होती, सोबत तिची पंधरा वर्षांची पोर. तिचं नाव आयडा ठेवलं होतं. सगळं आटोपल्यावर ती बाई दोघांपाशी आली. लायलला तिनं ओळखलं, त्याचा हात हातात घेतला. मग हाल्वरकडे वळली.

"आणि आपण?"

हाल्वरनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते. साडेतीन वर्षं त्यानं ते मनात घोळवले होते. शेजारी ती पोर उभी होती, थंडीनं नाक लाल झालेली.

"हा माझ्याबरोबर असतो," लायल म्हणाला.

"हो का! आई लिहायची पत्रात. एक जण वर चढतो आणि एक जण शिडी धरतो. फार उपकार झाले तुमचे." तिनं हाल्वरचा हात दाबला आणि मुलीला घेऊन ती गाडीकडे गेली.

परत जाताना लायल गाडी चालवत होता. दोन्हीकडची शेतं कापून मोकळी झालेली, काळी पडलेली. पाच-सहा मैल गेल्यावर तो म्हणाला, "सांगायचं होतंस."

"हो," हाल्वर म्हणाला.

"मी मधे बोललो, माझं चुकलं."

"तू बोलला नसतास तरी," हाल्वर म्हणाला, आणि वाक्य त्यानं तिथंच सोडलं.